साक्षीनंतरचं कडवं

आमच्या मंडळीत कुणी साक्ष देऊन खाली बसलं, की सगळे मिळून आभाराच्या एका गीताचं पहिलं कडवं म्हणतात. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगणं. ही रीत कुणी घालून दिली कोण जाणे, पण साक्ष कसलीही असो, कडवं तेच. मुलगा गणितात काठावर पास झाला, कडवं. हरवलेली स्कूटरची किल्ली फ्रीजवर सापडली, कडवं. एकदा एका बाईंनी पाहुणे यायच्या आधी नेमका गॅस सिलिंडर आल्याची साक्ष दिली, तेव्हा पेटी वाजवणाऱ्या भाऊंनी माझ्याकडे बघून हळूच भुवया उडवल्या होत्या. मीही ओठ दाबून हसले होते. पेटी सुरू झाल्यावर मात्र दोघांनी कडवं साळसूदपणे म्हटलं.

मंडळी लहान आहे. हैदराबादेत आबिड्सच्या एका जुन्या चर्चमध्ये सकाळी तेलुगू आणि इंग्रजी उपासना आटोपल्या, की दुपारी जागा आम्हा मराठीवाल्यांना मिळते. तोवर वेदीवरची फुलं माना टाकतात, पंखे गरम वारा फेकत असतात, आणि बाहेर वॉचमन गेट लावायची वाट बघत असतो. बहुतेक घरं जालना, परभणी, नांदेडकडची. कुणाचा आजा, कुणाचा बाप रेल्वेच्या नोकरीमागे काचीगुडा स्टेशनवर उतरला आणि इथलाच झाला. आमची पोरं घरात अर्धी मराठी, अर्धी हैदराबादी बोलतात आणि गीतं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत वाचतात. त्यामुळे शास्त्रवाचन, म्हणजे उपासनेत बायबल वाचणं, बहुधा माझ्याकडे असतं. मी कोठी भागातल्या एका शाळेत बरीच वर्षं हिंदी शिकवलं, म्हणून अख्खी मंडळी मला ‘बाई’ म्हणते.

आणि साक्ष देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या साक्षीला सुरुवात असे, मध्ये थोडी धाकधूक असे, आणि शेवटी देवाची कृपा. भांडी घासताना मी ती मनातल्या मनात म्हणून बघायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. बायका डोळे पुसायच्या, पाळकसाहेब मान डोलवायचे, आणि मी खाली बसताना नजर जमिनीकडे लावायची. नम्र दिसण्याचाही सराव करावा लागतो, तो मी केला होता.

माझे यजमान याच्या अगदी उलटे. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही साक्ष दिलेली नाही. सकाळी उठून चहा करतात, माझा कप बशीनं झाकून ठेवतात, आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून शास्त्रातला एखादा उतारा ओठ हलवत वाचतात. वाचून झालं की पुस्तक मिटून म्हणतात, “बरं, देवा.” बस, एवढंच. समोरून सिग्नल मिळाल्यावर गार्डानं हिरवा झेंडा दाखवावा, तसं. मी एकदा विचारलं होतं, “एवढीच प्रार्थना?” तर म्हणाले, “अजून काय म्हणायचं असतं?” मला तेव्हा वाटलं होतं, बिचाऱ्यांना शब्द सुचत नाहीत.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी दाढी करताना त्यांच्या हाताला मानेवर गाठ लागली. कोठीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी सुई घालून तपासायला घेतलं. निकाल येईपर्यंत मंडळीनं आमच्यासाठी प्रार्थना केली. मीही केली, असं म्हणणं खोटं होईल. मी गुडघे टेकायची आणि डोळे मिटले की यांच्याशिवायचं घर दिसायचं. रिकामी गॅलरी, ती खुर्ची. मग मी उठून ओटा पुसायला लागायची. कधी नव्हे एवढा स्वच्छ होता तेव्हा आमचा ओटा.

निकाल आला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण गाठ वाढली तर लगेच दाखवा. ‘पण’च्या पुढचं मी ऐकलंच नाही.

त्या रविवारी मी उभी राहिले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते पाठच केलं होतं. म्हटलं, मंडळी प्रार्थना करत होती त्याच घडीला माझ्या मनात शांती उतरली आणि मला कळलं की देवानं हात लावला आहे. म्हटलं, एकही गोळी घ्यावी लागली नाही. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, “मी माझा भार त्याच्यावर टाकला, आणि त्यानं मला तोंडघशी पडू दिलं नाही.” पुढच्या बाकावरच्या दोघी जणी रडल्या. पेटीवाल्या भाऊंनी कडवं नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत उचललं. उपासनेनंतर मी सगळ्यांना डबल का मीठा वाढला. शनिवारची सगळी दुपार पाव तळण्यात घालवली होती. साक्षीच्या आधीच गोड करून ठेवलं होतं, इतकी माझी तयारी.

घरी परतताना स्कूटरवर मागे वळून हे म्हणाले, “गाठ अजून आहे गं.”

“बसेल. विश्वास ठेवा.”

“विश्वास आहे,” ते म्हणाले. “गाठपण आहे.”

गाठ बसली नाही. पाऊसकाळ संपता संपता काखेतही तसंच काहीतरी हाताला लागलं. या वेळी मोठ्या हॉस्पिटलात ती काखेतली गाठच काढून तपासली, आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावून सांगितलं. सुईनं कधी कधी सापडत नाही, असं होतं, म्हणाल्या. औषधानं बऱ्यापैकी आटोक्यात येणारा प्रकार आहे, पण किमो घ्यावी लागेल, केस जातील, अशक्तपणा येईल. हे शांतपणे ऐकत होते. आणि त्या खोलीत, यांच्या शेजारी बसून, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता मंडळीत काय सांगू?

पहिला विचार. यांचा नव्हे, माझ्या साक्षीचा. दुसरा विचार यांचा आला, तिसराही त्यांचाच, त्यानंतरचे सगळे त्यांचेच. पण पहिला कुठला होता ते मला माहीत आहे, आणि तो आठवला की आजही मला स्वयंपाकघरात एकटी असतानासुद्धा तोंड लपवावंसं वाटतं.

रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, “पाळकसाहेबांना फोन करायला हवा. लोक प्रार्थना तरी करतील.”

“थांबा थोडं,” मी म्हटलं. “उपचार होऊन जाऊ दे. मग बरं झाल्यावर एकदमच सांगू.”

“का?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं, मास्तरणीकडे असतंच. म्हटलं, मंडळीत नवीन माणसं आहेत, कच्च्या विश्वासाची. मी एवढी साक्ष दिली, आणि आता उलटंच ऐकलं तर त्यांचा देवावरचा विश्वास डळमळेल. देवाच्या नावाला बट्टा लागेल.

हे रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, “देवाची अब्रू तू सांभाळतेस होय?”

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं. ते म्हणाले, “बरं. तुला वाटतं तर.” भांडले असते तर मी कदाचित ऐकलं असतं. हे आजवर माझ्याशी भांडलेच नाहीत, ही माझ्या संसाराची एक अडचणच आहे.

मंडळीला मी सांगितलं, की हे जालन्याला भावाकडे गेलेत. शेताच्या वाटणीचं काम निघालंय, वेळ लागेल. पुण्याच्या मुलीला खरं सांगितलं आणि कुणाला कळू द्यायचं नाही अशी तंबीही दिली. डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितलं होतं, ते मला फार सोयीचं पडलं. हे घरातच असायचे. शेजारीपाजारी मंडळीतलं कुणी नव्हतं.

रविवारी दुपारी मी साडी बदलून बाहेर यायची, तर हे आंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले. मांडीवर शास्त्र. दाढीला म्हणण्यासारखे केस उरले नव्हते, तरी साबण लावून वस्तरा फिरवलेला. “उपासनेची वेळ झाली ना,” म्हणायचे. स्टेशनवरून गाड्यांच्या घोषणा ऐकू यायच्या, त्यात मनमाडकडची गाडी आली की त्यांची मान आपोआप उचलली जायची. मी चपला घालून निघायची, आणि तासाभरानं मंडळीत उभी राहून शास्त्रवाचन करायची. आवाज कुठेही कापायचा नाही.

“सलाम बाई. भाऊ कसे आहेत?” लोक यांच्याबद्दल विचारायचे.

“मजेत. शेतावर रमलेत.”

“आमचा सलाम सांगा.”

तो सलाम मी घरी येऊन सांगायची. हे म्हणायचे, “त्यांनापण सांग.” मी कुठल्या तोंडानं सांगत होते कोण जाणे, पण सांगत होते.

मग मंडळीतल्या एका तरुण सुनेच्या सासऱ्यांना तोच आजार निघाला. ही मुलगी लग्न होऊन आमच्यात आली, माहेर तेलुगू. मराठी बोलताना जरा अडखळते, पण न लाजता बोलते. नवरा कामासाठी सतत बाहेरगावी, त्यामुळे घरचं सगळं तिच्यावर. उपासना संपल्यावर तिनं माझा हात धरला.

“काकू, तुम्ही घरी या ना. पप्पा खूप परेशान आहेत. सारखी तुमचीच साक्ष आठवतात. तुम्ही प्रार्थना केली तर त्यांना धीर येईल.”

काहीतरी निमित्त काढून टाळता आलं असतं. मी गेले. कुणी माझी प्रार्थना मागितली आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालेलं नव्हतं. तिथंही जीभ चालली ती नेहमीसारखीच. म्हातारे पलंगावर पाय खाली सोडून बसले होते, गळ्याभोवती रुमाल. मी प्रार्थना केली, आणि ती चांगली झाली. हेच वाईट आहे. आत काही नसतानाही माझी प्रार्थना चांगलीच होते.

आमेन म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी विचारलं, “तुमच्या यजमानांना कोणतं औषध दिलं होतं, बाई?”

खरं सांगायला ती जागा चांगली होती. खोलीत तिघंच होतो. चहा समोर होता. मी म्हटलं, “त्यांना गरजच पडली नाही.”

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. “बघ,” ते सुनेला म्हणाले, “मी काय म्हणत होतो?” तेव्हा त्या ‘बघ’चा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. किंवा आला असेल, मी चहाकडे लक्ष दिलं.

पुढच्या आठवड्यात मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मुलीचा मेसेज आला. पप्पांना आज मोठ्या डॉक्टरांकडे नेत आहे, ते तयार नाहीत, कृपया प्रार्थना करा. मी तेव्हा रिक्षात होते, हे शेजारी, आम्हीही हॉस्पिटलकडेच निघालेलो. मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि लिहिलं, ‘प्रार्थनेत आहे.’ मोबाईल पर्समध्ये टाकला आणि यांना पाण्याची बाटली घेतली का विचारलं.

त्या हॉस्पिटलात किमोच्या खोलीबाहेर लांबलचक बोळ आहे. दोन्ही भिंतींना स्टीलच्या खुर्च्या, वर टीव्हीवर तेलुगू बातम्या, आवाज बंद. यांच्या हाताला सुई लावून त्यावर पट्टी चिकटवली होती, आणि नंबर येईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं होतं. डोक्यावर सुती टोपी, तोंडाला मास्क. मी त्यांच्या हातावर माझ्या साडीचा पदर टाकला होता, एसीचा गारवा लागू नये म्हणून.

बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून चढलेला आवाज आला. “नक्को म्हटलं ना मी. सुई नक्को, काही नक्को. बाईंच्या यजमानांना काय सुई लावली होती? देवानंच गाठ बसवली ना? मग मलाच कायको?”

म्हातारे दाराकडे निघाले होते आणि ती मुलगी त्यांच्या पुढे उभी राहून दोन्ही हातांनी त्यांना अडवत होती. लोक बघत होते. तिची नजर कावरीबावरी होऊन फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुणाच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी आलेलं कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांचा हात धरून ती जवळजवळ धावतच आमच्याकडे आली.

“काकू, तुम्ही आमच्यासाठी आलात? मी तर फक्त ग्रुपवर टाकलं होतं.”

ती रडत होती. तिला एवढंच दिसत होतं, की तिनं प्रार्थना मागितली आणि बाई स्वतः धावून आल्या. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “हो. तुमच्यासाठीच आलो.”

“भाऊ पण? कधी आले जालन्याहून?”

“कालच.”

इतक्या सहज. मला अडखळायलासुद्धा झालं नाही.

म्हाताऱ्यांनी यांच्यापुढे हात जोडले. “सलाम भाऊ. देवानंच धाडलं तुम्हाला. आता तुम्हीच सांगा हिला. तुम्हाला काही लागलं होतं का? मला घरी जायचंय.”

हे माझ्याकडे बघत होते. मास्कच्या वर फक्त डोळे होते, भुवयाही गेलेल्या. त्या डोळ्यांत राग नव्हता. ते वाट बघत होते. मला बोलायला वेळ मिळावा म्हणून ते थांबले होते, आणि बराच वेळ थांबले. हा म्हातारा माझ्या एका वाक्याच्या भरवशावर उपचार सोडून घरी निघाला होता, हे मला दिसत होतं, चांगलं लख्ख दिसत होतं. मी पर्सचा बंद नीट केला.

मग यांनी पदर बाजूला सारला आणि त्याच हातानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“बसा इथं, माझ्याजवळ,” ते म्हाताऱ्यांना म्हणाले. “ही बघा. ही सुई अशी लावतात. लावताना चावल्यासारखं होतं, नंतर काही नाही. तोंडाची चव जाते थोडे दिवस. आंबट तेवढं लागतं.”

म्हातारे त्यांच्या डोक्याकडे बघत राहिले. “तुम्हालापण?”

“हो. मलापण.”

“मग ती गाठ बसली नव्हती?”

“नाही. वाढली. ही घ्यायला लागल्यापासून उतरायला लागलीय.”

“आणि प्रार्थना?”

“ती चालूच आहे,” हे म्हणाले. “बरं करेल, न करेल, ते त्याच्याकडे. मी रोज सांगतो, तो ऐकतो. तेवढं मला माहीत आहे.” मग जरा थांबून म्हणाले, “पहिल्या दिवशी मी फार घाबरलो होतो. इथंच बसलो होतो, याच खुर्चीत. हातपाय गार पडले होते.”

मी त्यांच्या शेजारीच बसले होते त्या दिवशी. त्यांचे हातपाय गार पडल्याचं मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. कुणी ओळखीचं भेटत नाही ना, याकडेच माझं लक्ष होतं त्या दिवशी.

म्हातारे बसले. यांच्या बाजूच्या खुर्चीत, अगदी खांद्याला खांदा लावून. थोड्या वेळानं त्यांनी यांचा सुईचा हात आपल्या दोन्ही हातांत हलकेच धरला आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. म्हातारे यांच्यासाठी प्रार्थना करत होते. एवढ्या महिन्यांत यांच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना करणारं हे पहिलं माणूस. तीस घरांची मंडळी असताना मी त्यांना एकटं ठेवलं होतं.

ती मुलगी उभीच होती. ती आता सगळं जुळवत होती, मला दिसत होतं. जालना, शेत, ‘गरजच पडली नाही’. मी तयारी करून बसले, आता ही काय बोलेल ते बोलो. ती म्हणाली, “काकू, इतके दिवस तुम्ही दोघं एकटेच येत होता?”

रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. नाव पुकारल्यावर ती सासऱ्यांना घेऊन आत गेली, आणि म्हातारे कुरकुर न करता गेले. जाताना तिनं तिच्या पिशवीतला चहाचा थर्मास माझ्या शेजारी ठेवला.

घरी येताना हे एकच वाक्य बोलले, “खट्टी दाल कर आज.” मी केली. जेवताना म्हणाले, “रविवारी मी येतो.”

“गर्दी नको म्हणाल्यात ना डॉक्टर.”

“विचारलंय त्यांना. मागे दाराशी बसेन, मास्क लावून.” माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, “घाबरू नकोस, मी काही बोलणार नाही. बोलण्याचं खातं तुझं आहे.” आणि हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

तो आठवडा मी फोन वाजला की दचकत होते. आता कळलं असेल, आता पाळकसाहेबांचा असेल, आता कुणीतरी खवचटपणे जालन्याचा पाऊस विचारेल. कुणी काही विचारलं नाही. त्या मुलीनं कुणालाही सांगितलं नव्हतं. ग्रुपवर तिनं फक्त लिहिलं होतं, की पप्पांचे उपचार सुरू झाले, आभार. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझी अब्रू तिनं माझ्याच हातात परत दिली होती, आणि आता तिचं काय करायचं ते मला ठरवायचं होतं.

सकाळी उठून मी गुडघे टेकून बघितलं. सुंदर वाक्यं आपोआप यायला लागली, तशी मी उठले. गॅलरीत हे पुस्तक मिटून “बरं, देवा” म्हणत होते. मी दारात उभी राहून तेवढंच हळू म्हणून बघितलं. मला ते म्हणता आलं नाही. बरं काय, कशाला बरं? उद्या हे नसतील, त्यालाही बरं? माझ्या इतक्या साक्षींत मी हा शब्द कधी वापरला नव्हता, आणि हे तो रोज चहाबरोबर म्हणत होते.

रविवारी आम्ही गेलो. हे मागे, दाराशेजारच्या बाकाच्या कडेला बसले. लोकांना ते लगेच ओळखू आले नाहीत. शास्त्रवाचन मी दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हटलं होतं, तर एका पोरानं अडखळत अडखळत वाचलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मग पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का?

मी उभी राहिले. पेटीवाल्या भाऊंनी सवयीनं भाता सैल केला. पुढच्या बाकावरच्या बायका सावरून बसल्या. भांडी घासताना या वेळी मी काही म्हणून बघितलं नव्हतं.

“हे जालन्याला गेले नव्हते,” मी म्हटलं. “घरीच होते. त्यांना कॅन्सर आहे. किमो चालू आहे.” आवाज कुठे खाली आणायचा ते ठरवावं लागलं नाही, तो आपोआप गेला. “मी उन्हाळ्यात साक्ष दिली होती. मला शांती मिळाली होती असं म्हटलं होतं. मिळाली नव्हती. मी घाबरले होते. गाठपण गेली नव्हती. मग तुम्हाला सांगायची लाज वाटली, म्हणून यांना घरात ठेवलं. आणि अजून एका घरी जाऊन मी खोटं सांगितलं, त्यांचं त्यामुळे फार वाईट झालं असतं. मला अजून लाज वाटते.” पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं. देवाबद्दल काहीतरी. मला सुचलं नाही. मी खाली बसले.

माना वळून दाराकडे गेल्या आणि परत आल्या. पाळकसाहेब पुस्तकाच्या कडा चाचपत होते. पेटीवाल्या भाऊंचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले होते, आणि ते माझ्याकडे बघत होते, पण भुवया उडवत नव्हते. त्यांचा प्रश्न मला कळत होता. आभाराचं कडवं आहे ते. या साक्षीवर कसं म्हणायचं? माणूस अजून आजारी आहे, बाई खोटं बोलल्या आहेत, आभार कशाचे मानायचे? मी माझ्या पायांकडे बघत बसले. या वेळी नजर आपणहून जमिनीकडे गेली होती.

तेव्हा मागून ते कडवं सुरू झालं. पेटीशिवाय, मास्कच्या आतून, इतक्या खालच्या पट्टीत की पहिले शब्द कळलेच नाहीत. हे कधी मोठ्यानं गात नाहीत. यांना सूर नाही हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून उपासनेत हे नुसते ओठ हलवायचे. आता ते एकटेच म्हणत होते. दुसऱ्या ओळीला त्या म्हाताऱ्यांचा आवाज मिसळला, मग त्या मुलीचा, आणि मग भाऊंनी पेटीवर यांची पट्टी शोधायला सुरुवात केली. ती काही सापडेना.

सगळी मंडळी म्हणत होती. मी एकटी गप्प होते. वळून बघायचं धाडस मला झालं नाही, पण एवढ्या आवाजांतही यांचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. ओळीओळीला दम लागत होता, सूर कुठल्या कुठे जात होता, आणि दम आला की ते राहिलेल्या शब्दापासून परत सुरू करत होते.